वर्णन : छापील पुस्तक, नग एक

जानेवारी उजाडला की पिंपळगाव बसवंत आणि आसपासच्या पॅकहाऊसमध्ये दिवस-रात्रीचा फरक राहत नाही. बागेतून क्रेट येतात, बाया एकेक घड हातात घेऊन कात्रीने खराब मणी काढतात, पनेट भरतात, पेट्या प्रीकूलिंगला लागतात आणि रीफर कंटेनर मुंबई-आग्रा महामार्गाने न्हावा-शेवा बंदराकडे निघतो. एप्रिलपर्यंत हेच. या धावपळीत एका टेबलावर मात्र द्राक्ष क्वचितच दिसतं. तिथे असतात इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, औषधांच्या उर्वरित अंशाचा प्रयोगशाळेचा अहवाल, ‘अपेडा’ या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवरची बागेची नोंद आणि माल कीडरोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला. त्याला सगळे नुसतं ‘फायटो’ म्हणतात. हे टेबल सांभाळणाऱ्या गृहस्थांना पॅकहाऊसमधले धाकटे-मोठे सगळेच नाना म्हणतात.

दिवसभर नाना माल देशाबाहेर पाठवतात. रात्री जेवण झाल्यावर ते माल देशात आणायच्या खटपटीला लागतात, आणि तो माल म्हणजे मर्यादित आवृत्तीची पुस्तकं.

अशा पुस्तकांची दुनिया मराठी वाचकाला फारशी ओळखीची नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. ठरावीकच प्रती छापायच्या, प्रत्येक प्रतीवर हाताने क्रमांक घालायचा, लेखकाची किंवा चित्रकाराची सही घ्यायची, कागद-शाई-बांधणी निवडून करायची आणि प्रती संपल्या की पुन्हा छापायचं नाही, असा हा व्यवहार. विल्यम मॉरिसच्या केल्मस्कॉट प्रेसने १८९६ साली चॉसरचं जे पुस्तक काढलं, त्याच्या कागदी प्रती होत्या ४२५. न्यूयॉर्कच्या जॉर्ज मेसीने १९२९ साली लिमिटेड एडिशन्स क्लब काढला, तो वर्गणीदारांसाठी बहुधा १,५०० प्रती छापायचा. लंडनची फोलिओ सोसायटी १९४७ सालची. अमेरिकेत आजही अशी लहान-मोठी छापखानेवजा प्रकाशनं आहेत. त्यांच्या काही आवृत्त्या जाहीर झाल्या त्याच दिवशी संपतात.

नानांना हा नाद लागला तो मुंबईच्या फोर्टात. निर्यातीच्या कागदांसाठी सीएचएच्या, म्हणजे जकातीचं काम बघणाऱ्या दलालाच्या कचेरीत त्यांना बॅलार्ड इस्टेटला जावं लागे. काम आटोपलं की परतीच्या गाडीआधी ते स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये शिरत. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली सुरू केलेलं ते दुकान २०१८ साली बंद झालं. तिथे परदेशी पुस्तकं ग्राहकाच्या हातात येत, तेव्हा ती कुठल्या बोटीने आली, कुणी सोडवली, किती जकात भरली हे ग्राहकाला कधी कळतच नसे. ते सगळं दुकानदाराच्या अंगावर. दुकानं गेली आणि वाचक थेट विक्रेत्याकडून मागवू लागला, तेव्हा दुकानदाराचं हे न दिसणारं काम वाचकाच्या दारात येऊन पडलं. योगायोग असा, की परदेशी टपालाची जिथे तपासणी होते ते विदेश डाक भवनही त्याच बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. नानांच्या दोन्ही उद्योगांचे कागद वर्षानुवर्षं एकाच पेठेत फिरत आले.

पिंपळगावात बसून एक प्रत मागवायची म्हणजे नेमकं काय होतं?

आधी पैशांचा प्रश्न. मर्यादित आवृत्तीत बहुतेकदा आगाऊ नोंदणी असते. कार्डाचा क्रमांक द्यायचा आणि पुस्तक बांधून झालं की प्रकाशक पैसे आपोआप वळते करून घेणार. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आला, की आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांना ग्राहकाची आगाऊ आणि वेगळी संमती लागेल. नियम ग्राहकाच्या भल्याचाच. पण परदेशातल्या लहान प्रकाशकाकडे ती संमती घेण्याची सोय नसते. मग पैसे जात नाहीत, प्रकाशकाची यंत्रणा नोंदणी रद्द करते आणि ती प्रत यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. दहा हजार प्रती छापल्या असत्या तर दुसरी मिळाली असती. तीनशे छापल्या असतील तर गेली ती गेलीच. नानांनी यावर काढलेला मार्ग साधा आहे. नोंदणी करतानाच ते प्रकाशकाला पत्र लिहितात, की रक्कम आजच पूर्ण घ्या, नंतरचं काही ठेवू नका. बरेच जण ऐकतात.

मग वजन. कुरिअरच्या विमानाने जाणाऱ्या पार्सलचं वजन नुसतं काट्यावरचं धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. हा आकडा आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं. पुठ्ठ्याच्या पेटीत बसवलेलं अडीच किलोचं पुस्तक दुहेरी खोक्यात नीट बांधलं आणि खोकं चाळीस बाय बत्तीस बाय पंधरा झालं, की भाडं जवळजवळ चार किलोंचं. म्हणजे पुस्तक सुरक्षित बांधावं तितकं भाडं वाढतं, आणि भाडं वाचवावं तर कोपरे दबतात. पूर्वी याला उतारा होता. अमेरिकेच्या टपाल खात्याकडे बोटीने जाणारं स्वस्त टपाल होतं; पुस्तकं महिना-दोन महिन्यांनी पोचत, पण परवडत. मे २००७ मध्ये ते बंद झालं. त्या एका निर्णयाने जगभरच्या जुन्या पुस्तकांच्या गिऱ्हाइकांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दुसऱ्या कशानेही क्वचितच केलं असेल. आज अमेरिकेतल्या विक्रेत्याकडचं मध्यम किमतीचं जुनं पुस्तक बघावं, तर टपालाचा आकडा पुस्तकाच्या किमतीला भिडलेला असतो.

त्यानंतर जकात. भारतात आयात छापील पुस्तकांवर बरीच वर्षं जकात नव्हती. ५ जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात ती ५ टक्के झाली. देशी प्रकाशन आणि छपाईला बळ मिळावं, हे कारण दिलं गेलं. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण जकात नुसत्या पुस्तकावर बसत नाही; किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर बसते. शंभर पौंडांचं पुस्तक आणि चाळीस पौंडांचं भाडं असेल, तर जकात एकशेचाळीस पौंडांवर. त्यावर कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. पुस्तकाला जीएसटी नाही, पण पुस्तक सोडवून आणण्याच्या सेवेला आहे. एका प्रतीच्या बाबतीत कित्येकदा हे शुल्क मूळ जकातीपेक्षा जास्त भरतं. देशी प्रकाशनाला यातून काय बळ मिळालं, हे कुणी दाखवून द्यावं. ज्या पुस्तकाच्या जगात तीनशे प्रती आहेत, त्याला देशी पर्याय नसतोच. पुण्याच्या किंवा नाशिकच्या प्रकाशकाचं एकही गिऱ्हाईक ते पुस्तक पळवत नाही.

पण नानांच्या मते पाच टक्के हा मुख्य अडसर नाहीच. मुख्य अडसर आहे पेटीवर लिहिलेलं वर्णन.

हे त्यांना द्राक्षांनी शिकवलं. २०१० च्या हंगामात युरोपने भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून माल अडवला. नाशिक जिल्ह्यातल्या बागाईतदारांना आणि निर्यातदारांना ते वर्ष अजून विसरता आलेलं नाही. फळ दिसायला, खायला उत्तम होतं. अडलं ते अहवालात न तपासलेल्या एका रसायनाच्या नावावर. बंदरात बसलेला माणूस द्राक्ष चाखून बघत नाही, तो ओळ वाचतो. तेव्हापासून नाना प्रत्येक कागदाची प्रत्येक ओळ समोरच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी वाचतात.

पुस्तकाच्या पार्सलवरही तेच. जकातीच्या यादीत छापील पुस्तकाचा शीर्षक क्रमांक ४९०१. विक्रेत्याने वेष्टनावर ‘पुस्तक’ लिहिलं तर पाच टक्के. पण मर्यादित आवृत्तीचा विक्रेता हौसेने लिहितो ‘कलेक्टिबल’, ‘डिलक्स गिफ्ट सेट’, ‘नंबर्ड बॉक्स सेट’. ते वाचून अधिकाऱ्याला पुस्तक दिसत नाही, कुठली तरी हौसेची वस्तू दिसते. मग पार्सल ‘वैयक्तिक वापरासाठी आणलेला माल’ या सदरात जातं आणि कर कित्येक पट होतो. पुस्तकासोबत चित्रांचे सुटे छाप दिले असतील तर ते पुस्तकात धरले जातीलच असं नाही. सुट्या छापांचं शीर्षक वेगळं, ४९११. कधी कापडी पिशवी, कधी धातूचं पदक, कधी सहीचं वेगळं कार्ड. प्रकाशकाला वाटतं आपण वाचकाला काहीतरी जास्तीचं देतोय. इथे त्यातली एकेक वस्तू वेगळी ओळ मागते.

म्हणून नानांनी विक्रेत्यांना पाठवायचा एक मजकूर तयार केला आहे. त्यात गोड शब्द नाहीत. वर्णन : छापील पुस्तक, कापडी बांधणी, पुठ्ठ्याच्या पेटीसह, नग एक. क्रमांक : ४९०१.९९. किंमत : प्रत्यक्ष दिलेली, पावतीप्रमाणे. पावतीची एक प्रत खोक्याच्या बाहेर पाकिटात, एक आत. घेणाऱ्याचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं, आडनाव आधी नको. या शेवटच्या सूचनेवर बाहेरचे विक्रेते चकित होतात, पण तिच्यामागे अनुभव आहे. पार्सल मुंबईत उतरलं की कुरिअर कंपनी केवायसी मागते, आधार किंवा पासपोर्ट मागते. आणि वेष्टनावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर पेटी तिथेच पडून राहते. एकदा अशी पेटी पडून राहिली, की गोदामभाडं सुरू होतं.

बाहेरचे दुसरे संग्राहक एक वेगळाच सल्ला देतात. विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगा, किंमत कमी दाखवायला सांगा. नाना हे करत नाहीत. एक तर डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंना असलेली पाच हजार रुपयांपर्यंतची सवलतच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी राहिली. दुसरं, विम्याची भरपाई जाहीर केलेल्या किमतीइतकीच मिळते. दोनशे पौंडांचं पुस्तक वीस पौंडांचं लिहिलं आणि वाटेत हरवलं, तर वीसच पौंड हातात. आणि तिसरं कारण ते एका वाक्यात सांगतात, “आपण पोटासाठी खरे कागद करतो, मग हौसेसाठी खोटे का करायचे?” पॅकहाऊसमधल्या एका पोराने हे ऐकून विचारलं, “नाना, पण सगळेच तर करू राहिले ना?” नानांनी त्याला क्लोरमेक्वाटच्या वर्षी परत आलेल्या कंटेनरची गोष्ट सांगितली.

समुद्रापलीकडून ग्रंथ आणण्याची ही कसोटी महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये शिकताना सुमारे २,००० जुने ग्रंथ जमवले. ते एका स्नेह्याकडे सोपवले, पण सगळे काही भारतात पोचले नाहीत. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी ग्रंथ आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवलं. महायुद्ध चालू होतं, जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. भरपाई मिळाली ६०० रुपये. ज्या माणसाने पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते ग्रंथांना जागा हवी म्हणून, त्याच्या ग्रंथांची पहिली मोठी खेप समुद्राच्या तळाशी गेली. विम्याच्या रकमेत पुस्तकाची किंमत मावते, जमवण्याची वर्षं मावत नाहीत. संग्राहकाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

नाशिक जिल्ह्याचंच दुसरं उदाहरण. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी १८५७ वर लंडनमध्ये मराठीत ग्रंथ लिहिला. तो मराठीत छापण्याचे प्रयत्न फसले, म्हणून इंग्रजी भाषांतर झालं आणि १९०९ साली ते हॉलंडमध्ये छापलं गेलं. प्रकाशनाआधीच सरकारने बंदी घातलेली. मग प्रती भारतात आल्या त्या दुसऱ्याच पुस्तकांची वेष्टनं पांघरून. ‘पिकविक पेपर्स’ आणि ‘डॉन किहोटे’ ही त्यांतली नावं. बंदी उठली १९४६ साली. तिथे वर्णन खोटं लिहिणं हाच पुस्तकाला देशात आणण्याचा एकमेव मार्ग होता आणि सापडलं तर शिक्षा जकातीच्या दंडाएवढी नव्हती. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज जगात कुठेही विकायला आली तर संग्राहकांच्या उड्या पडतात.

बंदी आणि जकात या गोष्टी आजही एकाच दारात राहतात. सलमान रश्दींच्या ‘द सॅटनिक व्हर्सेस’वर ऑक्टोबर १९८८ मध्ये जी बंदी आली ती आयातीवरची, जकात कायद्याखालची. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हे प्रकरण निकाली निघालं, तोवर ती मूळ अधिसूचनाच सरकारला सादर करता आली नाही. न्यायालयाने म्हटलं, कागद नाही तर तो अस्तित्वात नाही असंच धरावं लागेल. छत्तीस वर्षं एका पुस्तकाची वाट अडवणारा कागद कुणाकडेच नव्हता. नानांनी ही बातमी कापून फाइलला लावली आहे, द्राक्षांच्या फाइलला.

२०२४ सालच्याच हंगामाची आठवण पॅकहाऊसमध्ये सगळे काढतात, पण वेगळ्या कारणाने. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि युरोपला जाणाऱ्या बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालत होत्या. रॉटरडॅमचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी चढली. द्राक्ष शून्य-एक अंशावर तग धरतं, पण किती दिवस, याचा हिशेब प्रत्येक जण रोज नव्याने मांडत होता. त्याच आठवड्यांत नानांना इंग्लंडमधल्या एका छोट्या प्रकाशकाचं पत्र आलं. चीनमध्ये छापून-बांधून झालेल्या प्रती बोटीवर आहेत, बोट वळसा घालून येते आहे, पुस्तक उशिरा मिळेल, क्षमस्व. नानांच्या मालाच्या आणि नानांच्या पुस्तकाच्या बोटी आफ्रिकेच्या एकाच टोकाला वळसा घालत होत्या. पुस्तक नासत नाही, एवढाच काय तो दिलासा.

नासत नाही, पण दबतं. मर्यादित आवृत्तीची पेटी उघडण्याची नानांची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी बंद खोक्याचे सहा बाजूंनी फोटो. मग चिकटपट्टी सुरीने कापायची ती उथळ, पातं आत जाऊ न देता, कारण कधी कधी पुस्तक थेट झाकणाखाली असतं. मग कागदाचे गोळे, मग फुगे असलेलं प्लास्टिक, मग पातळ पांढरा कागद. पुस्तक बाहेर काढून ते आधी वाचत नाहीत, आधी चार कोपरे बोटाने चाचपतात. कोपरा मऊ लागला की चेहरा उतरतो. कापडी बांधणीचा पुठ्ठा दबला तर तो कितीही वजनाखाली ठेवा, पूर्ववत होत नाही. नंतर कण्याचं वरचं टोक, नंतर पेटीची शिवण. सगळं ठीक असेल तर शेवटचं पान उघडायचं. तिथे छपाईची हकिकत असते : अक्षराचं वळण कुठलं, कागद कुठल्या गिरणीचा, बांधणी कुणाची, आणि खाली पेन्सिलीने किंवा शाईने घातलेला क्रमांक. तो क्रमांक ते वहीत उतरून घेतात. पावसाळ्यात मागवलेलं पुस्तक असेल तर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ते दोन दिवस मिटून ठेवायचं.

कोपरा दबून आला तर काय? भारतातल्या दुकानातलं पुस्तक असतं तर बदलून घेतलं असतं. इथे परत पाठवायचं म्हणजे निर्यातीचे कागद, पुन्हा तेवढंच भाडं, आणि बदली प्रत आली तर तिच्यावर पुन्हा जकात. आणि बदली प्रत असते कुठे? काही प्रकाशक क्रमांकाबाहेरच्या थोड्या प्रती अशाच प्रसंगासाठी राखून ठेवतात. पण मग क्रमांक जातो. बरेच संग्राहक दबलेल्या कोपऱ्यासह प्रत ठेवतात, प्रकाशक थोडे पैसे परत देतो आणि प्रकरण मिटतं. एका प्रतीच्या वेळी आंतरराष्ट्रीय कुरिअरने पेटी शेवटच्या टप्प्यासाठी दुसऱ्या कंपनीच्या हवाली केली होती आणि ती नाशिक ते पिंपळगाव एवढ्या अंतरात ओली झाली. हजारो मैल कोरडी आलेली पेटी घराजवळच्या तीस किलोमीटरमध्ये भिजते, कारण शेवटच्या टप्प्याच्या माणसाला ती पेटी इतर पेट्यांसारखीच असते. वर ‘तुमचं गाव आमच्या नेहमीच्या हद्दीबाहेर आहे’ म्हणून जादा आकार. जिथून दर हंगामात युरोपला कंटेनर भरून जातात, ते गाव कुणाच्या तरी नकाशावर हद्दीबाहेर आहे.

नानांनी सगळ्यात जास्त जीव लावला तो गीतेच्या एका प्रतीला. लिमिटेड एडिशन्स क्लबने १९६१ साली भगवद्‌गीता काढली. सर एडविन अर्नोल्ड यांचं ‘द साँग सिलेस्टियल’ हे इंग्रजी रूपांतर आणि म्हैसूरमध्ये जन्मलेल्या वाय. जी. श्रीमती यांची चित्रं. हे पुस्तक छापलं गेलं मुंबईत, कमर्शियल प्रिंटिंग प्रेसमध्ये. म्हणजे गीता इथली, चित्रकर्ती इथली, छपाई मुंबईची, आणि प्रती गेल्या प्रामुख्याने अमेरिकेतल्या वर्गणीदारांच्या घरी. साठ वर्षांनंतर ती घरं मोडतात, संग्रह विकायला निघतात, तेव्हा या प्रती जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे येतात. नानांना त्यातली एक दिसली. मुंबईहून गेलेलं पुस्तक मुंबईत परत येणार, तेव्हा जकात खात्याच्या लेखी ते परदेशी पुस्तकच. त्यांनी विक्रेत्याला नेहमीचा मजकूर पाठवला, फक्त एक शब्द वाढवला : ‘वापरलेलं’. कुरिअरचं भाडं पुस्तकाला परवडत नव्हतं. शेवटी न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या मावसभावाने ती प्रत आपल्या घरी मागवली आणि गावी येताना हातातल्या बॅगेत आणली. सोबत ठेवलेली पावती विमानतळावर कुणी मागितली नाही, पण ती होती.

मराठी माणसाचा पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय रस्ता आजही बराचसा असाच चालतो, कुणाच्या तरी बॅगेतून. त्याला सुसूत्र रूप देण्याचा एक मोठा प्रयत्न नाशिकमधूनच झाला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या वाचकांच्या गटांकडे द्यायच्या, वाचून झालं की पेट्या आपसात बदलायच्या. त्या पेट्या दुबई, नेदरलँड्स, टोकियोपर्यंत गेल्या. लोकांनी वाढदिवसाला देणग्या दिल्या म्हणून पुस्तकं उभी राहिली, आणि तिकडे जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी हात लावला म्हणून ती पोचली. तिथे प्रश्न दुर्मीळ प्रतीचा नव्हता, पण पेटी हलवण्याचा खर्च हाच होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी काढली आणि अनेक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडचं बुकिंग थांबवलं. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं घेणं बंद केलं, ते ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं. पुस्तकं त्या नव्या करांतून वगळलेली होती. तरीही पुस्तकांची खोकी अडली, कारण कर कुणी गोळा करायचा आणि कुणी भरायचा याची व्यवस्थाच ठरलेली नव्हती. दिवाळी अंक तिकडच्या घरी पाठवण्याचे नेमके तेच आठवडे. करमाफ वस्तूसुद्धा कराच्या व्यवस्थेत अडकते, याहून स्पष्ट पुरावा नानांच्या म्हणण्याला मिळाला नसता. दर कितीही असो, एका वाचकाची एक प्रत कंटेनरसाठी आखलेल्या वाटेने जाऊच नये. तिला वेगळी, छोटी, सोपी वाट हवी. पुस्तक आहे हे दिसलं, पावती दिसली, की पुढे जाऊ द्यावं.

अलीकडे नानांकडे लोक उलट्या दिशेची कामंही घेऊन येतात. जुन्या वाड्यातून निघालेलं पुस्तक परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचं असतं. नाना पहिला प्रश्न विचारतात, छापलं कधी? शंभर वर्षांपलीकडचं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो आणि पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तो न घेता पाठवू नका, असं ते बजावतात.

परवा निफाडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांच्याकडे अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ची १९७६ सालची, क्लिअरिंग हाऊसची पहिली आवृत्ती आहे, आणि टोरांटोच्या एका संग्राहकाने ती मागितली आहे. पन्नाशीतलं पुस्तक, पुरावस्तूचा प्रश्न नाही. गुरुजींनी विचारलं, किंमत थोडी कमी लिहिली तर चालेल का? नानांनी नाही म्हटलं आणि मोजपट्टी काढून पुस्तकाची लांबी-रुंदी घेतली. खोकं दुहेरी, मध्ये दोन बोटं जागा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या. टपालाने निर्यात करायची तर पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट भरावं लागतं, ते डाक घर निर्यात केंद्रातून भरता येतं. गुरुजींचं नाव आधारकार्डावर एक आणि बँकेच्या पासबुकात वेगळं निघालं. त्याचं आधी काहीतरी करा, मग खोकं बांधू, असं ठरलं. गुरुजी बँकेत जाऊन आले आहेत. विमा पूर्ण किमतीचा उतरवायचा आहे आणि वर्णनाच्या रकान्यात काय लिहायचं ते नानांनी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं आहे.